मला थांबता येत नव्हतं

मित्रांनो, मी एक जुनी मळणीची मशीन आहे. नाकाडोंगरीत भैयाजींच्या गोठ्यामागे उभी असते. आता माझ्या तोंडाशी कोणी येत नाही.

भैयाजींनी मला गावात आणलं तेव्हा बायकांनी मला हळदकुंकू लावलं होतं. ट्रॅक्टरला जोडलं की मी दिवसभर धान मळायची. पेंड्या आत सरकवायचं काम त्यांच्या गड्याचं, धनीरामचं. त्याचा हात इतका बसलेला होता की तो न बघताही पेंडी सरकवी. लोक त्याचं कौतुक करत. मलाही त्याचा अभिमान वाटे.

मागच्या हंगामात एका दुपारी त्याच्या मुलीचा, तृप्तीचा फोन आला. नागपूरच्या एका दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. धनीरामनं फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला. हात चालूच होते. राहशील कुठं, जेवशील काय, असं तो हसत विचारत होता. तेवढ्यात एक आखूड पेंडी आली. तिच्यासोबत त्याचा उजवा हातही आत आला. त्याची बायको पंचफुला ओरडली आणि ट्रॅक्टर बंद झाला, पण तोवर मी फिरतच राहिले. मित्रांनो, मला आपणहून थांबता येत नाही.

हात मनगटापासून गेला. तृप्तीनं फोनवर सगळं ऐकलं होतं. ती घरी आली ती जेवेना, नोकरीवर जायला तयार होईना. एके दिवशी धनीराम तिला घेऊन माझ्यापाशी आला.

"मी पेंडीकडेच पाहून राहिलो होतो, माय," तो म्हणाला. "पण मले ते दिसलीच नाही. मन तुयापाशी होतं."

"म्हणजे माह्यामुळंच ना, बाबा?"

"नाही. तू खुशीची गोष्ट सांगाले फोन केला. मशीन बंद करून उचलाचा होता, ते माह्यं काम होतं."

तृप्तीनं त्याच्या बाहीचं रिकामं टोक हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात ती नागपूरला गेली.

भैयाजींना मला पुन्हा चालवायचं धाडस झालं नाही. मला गंज चढतो आहे. धनीराम आता गोठ्यात गुरांना चारा घालतो. तृप्तीचा फोन वाजला की आधी टोपली खाली ठेवतो, मगच फोन उचलतो. त्याला दुसरा इलाज नाही, एकच हात आहे.

मित्रांनो, तुम्ही दोन्ही हात असतानाच तसं करा.