मलिद्याच्या दिवशी बंद राहिलेलं दार

इस्रायलच्या दक्षिणेकडच्या तुरुंगात सामाजी वाक्रुळकर वॉर्डर होता आणि रफाएल चांदगावकर कैदी. दोघंही कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मुंबईमार्गे इकडे आलेले. रफाएलनं डिमोनाच्या एका कापड गिरणीत मुकादमाला ढकललं, मुकादम यंत्रावर पडला आणि मेला. मारायचं मनात नव्हतं, हे कोर्टानंही मानलं. शिक्षा व्हायची ती झालीच.

सामाजी त्याच्याशी मराठीत बोलत नसे. बाकीच्यांनी 'तुझा माणूस' म्हणू नये म्हणून. ते तरीही म्हणतच.

*

रफाएल प्रत्येक जेवणातला पहिला घास बाजूला काढायचा. डब्याच्या झाकणात, रुमालाखाली, एलियाहू हन्नाबींसाठी, कुठल्याही रूपात दारी येणाऱ्या प्रेषितासाठी. सकाळी झाकण पुसल्यासारखं स्वच्छ असायचं.

उंदीर, असं सगळे म्हणाले.

मग शेजारच्या खोलीतला रुमानियन म्हातारा रक्त ओकायला लागला. रफाएलनं त्याच झाकणातून त्याला पावाचा तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी म्हातारा उठून बसला आणि त्यानं सिगारेट मागितली. त्यानंतर तुरुंगाच्या गाडीचा ड्रायव्हर उझी. जीप उलटल्यापासून त्याची डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. देवाधर्माची टिंगल करणारा माणूस, पण गंमत म्हणून त्यानंही तुकडा तोंडात टाकला. आठवडाभर तो भेटेल त्याला मूठ मिटून-उघडून दाखवत होता. हसत नव्हता.

रफाएलला विचारलं तर तो म्हणायचा, मी नुसतं ताट मांडतो, येणारा येतो.

*

१९६३चा ऑगस्ट. रफाएलची आई एस्थर डिमोनाला मरणाला टेकली होती. छातीत पाणी झालेलं. डॉक्टरांनी घरी नेऊन ठेवा म्हणून सांगितलं होतं. तिचा नवस होता, मुलगा उंबऱ्याच्या आत येईल त्या दिवशी मलिदा करीन, हन्नाबींच्या नावानं गोड पोह्यांचं ताट मांडीन. रफाएलची खात्री होती की आईच्या घरी ताट मांडलं तर हन्नाबी स्वतः येतील आणि ती उठेल.

पहिल्यांदाच तो सामाजीशी मराठीत बोलला. "सामाजीकाका, सुटका नको. दोन तास घरी न्या."

सामाजीनं साहेबाकडे शब्द टाकला. साहेबानं परवानगी दिली, पण मुकादमाचा भाऊ डिमोनातच राहत होता आणि सूड घेईन असं उघड बोलत होता. म्हणून एक अट. कैदी आत असताना बाहेरचा कोणीही घरात येता कामा नये. काही झालं तर सामाजी जबाबदार. रफाएलनं अट पाळायचा शब्द दिला.

दुसरी अट कोणी सांगायची गरज नव्हती. ती बेने इस्रायलच्या घरात पोरांनाही माहीत असते. मलिद्याच्या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. कोण असेल, सांगता येत नाही.

*

दुपार. वाळवंटाकडून येणारा शरवचा गरम वारा. उझी खाली गाडीत थांबला.

शेजारची लीया ताट करून ठेवून गेली होती. मुंबईहून पेटीतून आलेले पोहे, गूळ, सुकं खोबरं, वेलची. वर केळं, सफरचंद, खजूर, द्राक्षं, डाळिंब. सब्जा मिळाला नाही म्हणून पुदिन्याची काडी. एस्थर उशांना टेकून बसली होती. श्वास घेताना खांदे वर जात होते.

सामाजीनं बेड्या काढल्या. मुलानं आईच्या पायाला हात लावला. ती म्हणाली की जेलमध्ये जाडा झालास, बाहेर होतास तेव्हा अंगाला लागत नव्हतं. मग सामाजीकडे वळून, तुम्ही कुठले, वाक्रुळचे का, तुमच्याकडची माणसं फार शिस्तीची, असंही म्हणाली.

रफाएलनं प्रार्थना सुरू केली. हन्नाबींचं नाव आलं आणि दारावर थाप पडली.

"कोण?" सामाजीनं हिब्रूत विचारलं.

"लांबून आलोय," बाहेरचा म्हणाला. मराठीत. "घोटभर पाणी मिळंल का, माय?"

मुकादमाच्या घरात कोणाला मराठी येत नव्हतं.

"ते आले," एस्थर म्हणाली. "दार उघडा, भाऊ."

*

असं घडलं नाही: सामाजी कडी काढतो. बाहेर कोणी म्हातारा, धुळीनं माखलेला. एस्थर त्याला आपल्या हातानं ताट देते.

असंही घडलं नाही: रफाएल उठतो, सामाजी तोंड फिरवतो, म्हणजे नंतर 'मला दिसलं नाही' म्हणता येईल.

असंही नाही: सामाजी निदान खिडकीतून पाण्याचा पेला देतो.

घडलं ते एवढंच. सामाजीनं दाराला पाठ लावली आणि रफाएलकडे बघून मान हलवली. रफाएल जागचा हलला नाही, त्यानं दिलेला शब्द पाळला. पुन्हा थाप पडली, हलकी. मग काही नाही.

एस्थरनं हातातला पोह्यांचा घास ताटात परत ठेवला.

*

निघताना सामाजीनं दार उघडलं. तिसरा मजला, सिमेंटचा जिना, महिनोनमहिने पावसाचा थेंब नाही. उंबऱ्याबाहेर ओल्या चिखलाचा गोळा पडला होता, काळाभोर, लावणीच्या खाचरातला. त्यात भाताचं एक हिरवं रोप.

सामाजीनं खाली उझीला विचारलं, वर कोणी गेलं का म्हणून. तो जिन्यासमोरच बसला होता, त्याला कोणी जाताना दिसलं नव्हतं. सामाजीनं चिखलाचं सांगितलं नाही. रफाएलनंही तो पाहिला होता. दोन्ही हातांना बेड्या होत्या, तरी वाकून त्यानं ते रोप सरळ केलं होतं.

*

एस्थर त्याच आठवड्यात गेली. सामाजीनं बातमी खोलीत जाऊन दिली. रफाएलनं सुतकाच्या रिवाजानं सदऱ्याची कड फाडली आणि जमिनीवर बसला. सामाजीही बसला. वॉर्डरनं बसायचं नसतं.

सामाजी म्हणाला, नियम होता, तुझ्या जिवाला धोका होता, उद्या तुला काही झालं असतं तर...

"तुम्ही आवाज ओळखला होता, काका?"

हो म्हटलं तर काय राहतं. नाही म्हटलं तर ते खोटं.

"आमच्या गावचा आवाज होता," सामाजी म्हणाला. "माझा आजा असं बोलायचा. ओळखला होता."

"मग?"

"भीती वाटली."

"मुकादमाच्या भावाची?"

"नाही रे. उघडलं आणि खरंच तेच असतील, याची. मी त्यांच्यासमोर या युनिफॉर्ममध्ये कसा उभा राहणार होतो."

रफाएलनं मान हलवली, समजल्यासारखी. रागावला असता तर बरं झालं असतं.

*

त्यानंतर रफाएल सगळे घास स्वतःच खायला लागला. रुमानियन म्हाताऱ्याचं दुखणं उलटलं, त्यानं तुकडा मागितला. रफाएलनं त्याला आपला अख्खा पाव दिला. पण तो नुसता पाव होता.

पासष्टीला टेकलेल्या सामाजीला पुढच्या वर्षी निवृत्ती मिळायची होती. तोवर रोज संध्याकाळी खोल्या बंद करत तो रांगेनं यायचा. बाकीचे कैदी शेवटपर्यंत दारात रेंगाळायचे, शिव्या द्यायचे, काडेपेटी मागायचे. रफाएल मात्र त्याची पावलं ऐकली की उठायचा आणि सामाजी पोचायच्या आत स्वतःच्या हातानं आतून दार ओढून घ्यायचा.