उजेडबाबांची गार ट्यूब

ताईच्या हातात ट्यूबलाइट पेटली आणि अख्ख्या सभागृहाने हात जोडले. ना वायर, ना होल्डर. उजेडबाबांच्या आसनासमोर उभी असलेली माझी थोरली बहीण आणि तिच्या मुठीत लखलखणारी लांबलचक नळी! मीही हात जोडले.

आता माझी अक्कल ऐका. कमी दाबाच्या वायूत रेडिओलहरींनी इलेक्ट्रॉन कसे तापतात, यावर माझं पोट चालतं. यंत्रातून लहरी कुठे गळताहेत ते पाहायला प्रयोगशाळेत आम्ही रोज सकाळी एक जळकी ट्यूब हातात धरून यंत्राभोवती फिरतो. गळती असेल तिथे ती आपोआप पेटते. तरीही मी भक्तिभावाने उभा होतो.

"रोग जळतोय, बेटी!" बाबा गरजले. "आत उजेड आला, आता गोळ्यांचा अंधार कशाला? टाक त्या!"

ताईला फिट येतात. गोळ्या आहेत म्हणून ती बिनधास्त गॅसपाशी उभी राहते. तिने पर्समधली पाकिटं काढून बाबांसमोरच्या टोपलीत टाकली, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मी ताडकन पुढे झालो आणि शिकलेला मूर्ख जे करतो तेच केलं. भाषण ठोकलं.

"आसनाखाली धातूचा पत्रा आहे! तिथलं विद्युतक्षेत्र सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होतंय. नळीतले जड अणू जागचे हलत नाहीत, पण हलके इलेक्ट्रॉन इकडून तिकडे टोलवले जातात आणि हजारो अंशांपर्यंत तापतात!"

"हजारो अंश?" बाबा गोड हसले. "मग हिचा हात कसा नाही भाजला?"

ताईने नळी गालाला लावली. "गारच आहे रे."

हशा पिकला. खरं म्हणजे तापलेले इलेक्ट्रॉन इतके हलके नि थोडे असतात, की बाकीचा वायू गारच राहतो. पण "तापमान दोन प्रकारचं असतं" एवढं म्हणेपर्यंत पुढच्या रांगेतून "बसा हो खाली!" आलं.

"आणि खोटं होतं तर हात कशाला जोडलेस?" ताई म्हणाली. "तुझ्याकडे बघूनच टाकल्या मी गोळ्या."

मी हात खिशात घातले.

शेजारी उभी असलेली माझी बायको शाळेत शिकवते. तिने माझी बाही ओढली. "तुझं कळलं सगळ्यांना. माणसाऐवजी खुर्ची चालेल का?"

"लोखंडी असेल तर. अंगासारखीच वीज वाहून नेईल," मी म्हणालो. दिवसभरात एवढंच कामाचं बोललो.

तिने ताईच्या हातून ट्यूब घेतली, ओढणीने लोखंडी खुर्चीच्या पाठीला बांधली आणि खुर्ची आसनासमोर सरकवली. ट्यूब लख्ख पेटली.

"बाबा, हिला कुठला रोग?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी पाठीमागच्या पडद्याकडे हात हलवला. खुर्ची जागची हलली नाही, पण ट्यूब विझली.

"लगेच बरी झाली!" बायको म्हणाली, आणि यावेळी सगळं सभागृह हसलं.

मी आसनावरची गादी उचलली. खाली तांब्याचा पत्रा होता. त्याला जोडलेली जाड वायर पडद्यामागच्या खोक्यात गेली होती आणि खोक्यापाशी बाबांचा मेहुणा बटणावर बोट ठेवून बसला होता. तोवर बाबा मागच्या दाराने पसार झाले.

मग टोपलीभोवती झुंबड उडाली. कुणी साखरेची गोळी शोधत होतं, कुणी रक्तदाबाची. ताईने आपली पाकिटं काढली, नावं नीट वाचली, कुणाकडून तरी पाणी मागितलं आणि तिथेच उभ्याउभ्या एक गोळी घेतली.

"ट्यूब पेटली होती मात्र खरी," ती म्हणाली.

"पेटली होती. पण तुझा रोग जळाला म्हणून नाही."

तेव्हा सांगायचं एवढंच. डोळ्यांना दिसलं ते खरं असेलही, पण त्याचं कारण म्हणून जे सांगितलं जातं ते तपासून घ्या. औषध सोडायचं असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि शेजारी माझ्यासारखा पदवीधर हात जोडून उभा असेल, तर त्याच्या भरवशावर अजिबात राहू नका.