एकशे चार हिरवे पाय

“तेल पुसा आणि पुन्हा फोटो काढा,” लोसालिनी म्हणाली.

“सिस्टर, फोनने हिरवं दाखवलं म्हणजे पाय निरोगी,” शहरातून आलेला साहेब हसला.

“तुमच्या फोनला नाक आहे का?”

लोसालिनी आमची नर्स. साखरेच्या आजाराने कुजलेले पाय तिने सत्तावीस वर्षं धुतले. ती दिसली की जखमेतल्या अळ्या आपण होऊन उतरतात आणि रांगेत उभ्या राहतात, असं मी पाहुण्यांना सांगतो. त्यातल्या अळ्या खऱ्या आहेत.

आमच्या बेटावरच्या गावचा मुखिया मी. तळव्याचा फोटो काढून आजार आधीच ओळखणारी मंडळी येणार, असा निरोप आला. पाहुण्याला मळका तळवा दाखवणं म्हणजे त्याला घरातून हाकलणं. मी शंख फुंकून सांगितलं, काथ्याने टाचा घासा, खोबरेल चोळा. बायकांनी तेलात फुलंही घातली. एकशे चार पाय असे चकाकले की वरून जाणारं विमान दिपून वाट चुकलं. फोनला त्या चकाकीखालचं काहीच दिसलं नाही. सगळे हिरवे.

लोसालिनीने माझ्या मेव्हण्याचा, विलिमोनेचा, डावा पाय उचलून हुंगला.

“मामा,” ती मला म्हणाली, “हा आतून सडतोय. आजच बोटीने दवाखान्यात न्या.”

“सडकं तर याचं तोंड आहे,” मी म्हणालो.

“मेव्हण्या, तुझ्याच बहिणीच्या हातचं खाऊन सडलंय,” विलिमोने म्हणाला. “मला नाही जायचं. फोन कशाला खोटं बोलेल?”

मुखियाने हुकूम दिला असता, तर त्याला जावंच लागलं असतं. पण साहेबाने सगळे पाय निरोगी असल्याचा कागद सहीसाठी पुढे केला. ‘रोगमुक्त गाव’ असा फलक त्याने छापूनच आणला होता. एक पाय लाल निघाला तर सगळी तपासणी पुन्हा, म्हणाला. तिकडे खड्ड्यातून भाजलेलं डुक्कर वर निघत होतं. लोसालिनीचं नाक त्या पायाशी होतं, माझं डुकराकडे. मी सही केली आणि बोटं चाटत जेवलो.

आयुष्यभर मी थापा मारल्या, पण त्या सहीएवढी घाण थाप दुसरी नाही.

अकराव्या दिवशी विलिमोने तापाने बरळायला लागला. बोटीने गेला तो दोन पायांनी, आला एकाने. दुसरा पाय मासे ठेवायच्या बर्फाच्या पेटीतून आला. फणसाखाली आम्ही तो पुरला.

आता दर शनिवारी लोसालिनी त्याचा उरलेला पाय धुते. परात मी धरतो.

“मेव्हण्या, थोडं तेल आण की. उद्या चर्चला जायचंय,” विलिमोने म्हणतो.

मी परातीतल्या पाण्याकडे बघत बसतो. लोसालिनी पाय कोरडा करते, तळव्याजवळ वाकते. ती मान वर करेपर्यंत आम्ही दोघे म्हातारे श्वास घेत नाही.