मुलाम्याखालचं कुंकू

“मल्लाप्पानं नळी धुतलीच नाही! उद्यापासून येऊ नको म्हणून सांग त्याला!”

“धुतली होती, सर.”

“मग पापुद्रा काय आपोआप सुटला?”

ज्या नळीवरून हे पेटलंय, ती मी बोलतेय. झिरकोनियमची आहे मी. स्टीलची समजून नाक मुरडू नका. अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या पोटात घेऊन उभं राहायचं, बाहेरून तापलेलं पाणी सोसायचं, हा आमच्या कुळाचा धंदा. पण पाणी आटून नुसती वाफ उरली, की तीच वाफ आम्हांला कुरतडते. म्हणून अंगावर क्रोमियमचा मुलामा. केसाहून पातळ, पण चिलखत तेच.

त्यासाठीच मला महादेवपुऱ्यातल्या या प्रयोगशाळेत आणलं. साल शहाण्णव. आल्या आल्या मल्लाप्पानं हातमोजे घालून आम्लात बुडवलं, स्वच्छ पाण्यानं धुतलं; न्हाऊमाखू घातलं म्हणा ना. अंगावर तेलाचा अंश राहिला तर मुलामा धरत नाही, हे इथे सगळ्यांनाच ठाऊक. मग तो आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, गावी गेला.

पूजेला यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, दारात कोहळा फोडला. साहेब, म्हणजे हयवदनराव, दर वर्षी स्वतःच्या बोटानं प्रत्येक यंत्राला कुंकू लावतात. तेलात कालवलेलं, चांगलं चिकटून राहावं म्हणून. मागे ताट धरून संहिता; नोकरीत नवी, कायम होणं साहेबांच्या हाती. “ही तर आमची लक्ष्मी!” म्हणत साहेबांनी मलाही टिळा लावला. नंतर रुमालानं पुसला. पुसलं म्हणजे गेलं, असं माणसांना फार वाटतं!

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा न धुता तसाच मुलामा चढवला. आरशासारखी झळकले. खोटं कशाला बोलू, मिरवलेही. आज वाफेच्या भट्टीतून निघाले, तर टिळ्याच्या जागी पापुद्रा सुटलेला, बोटाच्या पेराएवढा. खालचं अंग काळं ठिक्कर.

मल्लाप्पा समोरच उभा आहे. त्याला येते फक्त कन्नड; कळू नये म्हणून साहेब आणि संहिता मराठीत भांडतायत. काय पण मराठीचा उपयोग! बिचारा एकदा माझ्याकडे पाहतो, एकदा स्वतःच्या हातांकडे. “एनायितु, अक्का?” काय झालं, एवढंच विचारतोय.

“विचार कर, संहिता,” साहेब आवाज उतरवून म्हणतात. “पुढच्या महिन्यात तुझं कायम होणं ठरायचंय. त्याच्यासाठी मला बोल लावशील?”

अगं, बोल की! माझा आवाज काय, तुमच्यापुरता. त्या खोलीत मी मुकीच. मला आता कापून भंगारात टाकतील. टाकू देत. पण धुणाऱ्याच्या हातांवर आळ घेऊन मला जायचं नाही. आणि तुम्हांला एक सांगते: तोंड असून गप्प बसू नका. गप्प बसण्याचा मुलामा पहिल्याच वाफेला सुटतो.

संहितेनं मला उचललं. काळा डाग वर करून साहेबांसमोर धरलं. आणि मराठी सोडून, मल्लाप्पाला कळेल अशा कन्नडमध्ये म्हणाली,

“कुंकवाचं ताट माझ्या हातात होतं, सर, बोट तुमचं होतं.”