मीटरच्या पेटीतलं घरटं

“अण्णा, जरा सरा की. चिमणी भेऊन आत जाईना झालीय,” विजयश्री मान वर न करता म्हणाली.

नागनाथ सरला. एकोणतीस वर्षं त्यानं हा व्हरांडा झाडला होता, आणि आज पाचवीतली पोर त्याला तिथून उठवत होती.

“काय लिव्हायलीस एवढं?”

“चिमणी किती बार किडा घेऊन आली ते. अर्ध्या तासात नऊ बार. चिमणा चारच.”

“मी सांगितलो असतो की.”

“सांगितलेलं न्हाई चालत. बघितलेलंच लिव्हायचं. मॅडम म्हणल्यात.”

मॅडम! निंबर्ग्याच्या पुढं असलेल्या ह्या वाडीतल्या मराठी शाळेत प्रेरणा मॅडम जूनमध्ये आल्या. त्याआधी पाखरांचं काही विचारायचं तर पोरं शिपाई नागनाथलाच विचारायची. अंडी किती दिवसांत फुटतात, सुगरणीचा खोपा कोण बांधतं, तो सांगेल ते खरं. व्हरांड्यातल्या मीटरच्या रिकाम्या पेटीतलं हे घरटंही आधी त्यालाच दिसलं होतं. मॅडमनी मात्र पोरांना वह्या दिल्या, कापलेल्या बाटलीत दाणे भरून ती अंगणातल्या कडुलिंबाला टांगली, आणि पोरं त्याच्याकडं पाठ करून बसू लागली.

सुगी झाली की तो दरवर्षी व्हरांड्याच्या खांबाला जोंधळ्याच्या कणसांची पेंढी बांधायचा. यंदाही बांधली होती. पाखरं तिच्यावरही यायची, पण पोरांचे डोळे बाटलीवर. बाटलीवर एक चिमणी बसली तरी त्याच्या पोटात दुखायचं.

“नागूअण्णा, तुमची नौकरी त्या बाटलीनं खाल्ली बगा!” स्वयंपाकाच्या इंदिराबाई हसून म्हणाल्या. तोही हसला. पण बोलणं जिव्हारी लागलं.

दुपारी पोरं ताटं घेऊन जेवायला बसली, तसा त्यानं खांबावरची पेंढी सोडली आणि थेट मीटरच्या पेटीखाली बांधली. तेवढ्यानं भागेना, म्हणून दोन मुठी भात खाली टाकला. बघू आता कुणीकडं बघतेत!

चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, पोरं खरकट्या हातांनी धावत आली. “अण्णा, केवढी पाखरं!” सोनू ओरडला. नागनाथची छाती फुगली. लिंबाला बाटली एकटीच हलत होती.

मग भातावर दोन कावळे उतरले. एकानं खाता खाता मान तिरकी करून वर पाहिलं. नागनाथनं खांद्यावरचा टॉवेल भिरकावला, पण तोवर कावळ्यानं पेटीत चोच घातली होती. एक पिल्लू त्यानं नेलं. दुसरं दुसऱ्यानं. चिमणी वायरीवर बसून ओरडत राहिली.

जेवणानंतरच्या तासाला मॅडमनी विचारलं, “कावळे ह्या व्हरांड्यात कधी येत नव्हते. आजच का आले? कुणाच्या वहीत आहे?”

जेवणाच्या वेळी घरटं बघायची पाळी विजयश्रीची होती. ती ताट घेऊन खिडकीत बसली होती. तिनं वही हातानं झाकली. “माझ्यात न्हाई, मॅडम.”

नागनाथ पाण्याची घागर घेऊन दारात उभा होता. त्यानं घागर खाली ठेवली, आत आला आणि तिच्यासमोर वाकला.

“दाव.”

“न्हाई, अण्णा.”

“दाव म्हणलो न्हवं.”

तिनं हात काढला. पानावर तीन रकाने होते: वेळ, कोण, काय केलं. ‘एक वाजून दहा मिनिटं’ याच्यासमोर ‘कणसं बांधली, भात टाकला’ असं लिहिलं होतं. मधला रकाना रबरानं घासून घासून फाटायला आला होता.

“कामून खोडलीस?”

पोरीचे डोळे भरले होते. मॅडम पुढं आल्या. “काका, राहू द्या. नंतर बघू.”

“पेन्सिल दे,” तो विजयश्रीला म्हणाला आणि पोरांच्या ओळीत मांडी घालून बसला.

चाळिशी उलटल्यावर, साक्षरतेच्या वर्गात तो अक्षरं शिकला होता. पगाराच्या सहीपलीकडं लिहायची वेळ त्याच्यावर फारशी आली नव्हती. रकाना अरुंद, त्याची अक्षरं मोठी. ‘नागना’ एवढ्यातच जागा संपली. राहिलेला ‘थ’ त्यानं रेघ ओलांडून, ‘कणसं’ या शब्दाच्या अगदी जवळ, दाबून लिहिला.