फे. वि. यांची ओळ

माणसाला कसं दिसतं ते शोधणाऱ्या फेनाच्या प्रयोगशाळेत एक जुनी रीत होती. प्रयोग बाहेरच्या माणसांवर करायचा, तर आधी तो करणाऱ्यांनी स्वतः त्यात बसायचं. लेखावर ज्यांची नावं, त्यांचे डोळे आधी. मग आलेखात प्रत्येकाची एकेक ओळ यायची आणि तिच्याखाली नुसती आद्याक्षरं. फेना विर्स्मा एकोणचाळीस वर्षं अशी आलेखांतून राहिली होती: फे. वि.

ती पंचविशीत इथे आली तेव्हा प्रयोग म्हणजे एक काळोखी खोली आणि पडद्यावरचा हिरवट ठिपका, एवढंच होतं. डोकं जराही हलू नये म्हणून दंतवैद्याकडचं मेण तापवून त्यात दात रोवायचे, आणि तो ठसा पट्टीवर बसवून ती पट्टी दातांत धरून तासभर बसायचं. भिंतीवर खिळ्यांची रांग होती. प्रत्येक खिळ्याला एक नाव, आणि त्याला त्या नावाचे दात टांगलेले. नवख्या माणसाला पहिल्यांदा किळस यायची, मग आठवड्याभरात तोही आपले दात तिथे टांगून कॉफीला जायचा. तेव्हाचे प्रमुख, प्रोफेसर वुबेना, म्हणायचे, ‘‘दुसऱ्याचे डोळे आळशी माणूस वापरतो.’’

फेनाची ओळ सगळ्यांत सरळ यायची. बाकीचे दमले की त्यांच्या ओळी डगमगायच्या, तिची नाही. परदेशातल्या परिषदांत अनोळखी माणसं तिच्या छातीवरचं नाव वाचून थबकायची. ‘‘अरेच्चा, फे. वि. म्हणजे तुम्ही होय!’’ तिच्या चेहऱ्याआधी तिच्या डोळ्यांची ओळख पसरलेली असायची. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. त्याचं तिला फारसं काही वाटायचं नाही. निदान वाटतं असं तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

आता काळोखी खोली गेली होती आणि मेणही गेलं होतं. आता डोळ्यांवर जाड चौकोनी डबा चढवायचा, त्याला हार्मेन ‘टोपडं’ म्हणायचा. हार्मेन तिथला तंत्रज्ञ, तिच्याहून चार वर्षांनी लहान, तिच्याबरोबर तीस वर्षं काढलेला. टोपडं चढवलं की समोर एक रस्ता उभा राहायचा. विटांची घरं, कालवा, समोर लाल दिवा. नजर दिव्यावर ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी सायकलवाले आले की बटण दाबायचं. इतकंच. म्हाताऱ्या माणसांचं लक्ष कुठे आणि कसं कमी पडतं, ते यातून शोधायचं होतं. फेनाचा निवृत्तीआधीचा हा शेवटचा प्रयोग होता.

मार्चमध्ये रीतीप्रमाणे तिघं बसली. हार्मेन, मार्लूस, आणि फेना. मार्लूस पूर्वी फेनाची विद्यार्थिनी होती, आता तिची जागा घेणार होती. तिने आकडे पडद्यावर आणले. उजवीकडून आलेल्या चाळीस सायकलवाल्यांपैकी फेनाला चाळीस दिसले होते. डावीकडून आलेल्या चाळीसांपैकी एकोणीस.

‘‘टोपडं बिघडलंय,’’ फेना म्हणाली.

हार्मेनने दुसरं आणलं. सतरा. तिसरं आणलं. वीस. पहिलं त्याने कारखान्याला पाठवलं, ते तीन आठवड्यांनी ‘दोष नाही’ अशी चिठ्ठी लावून परत आलं.

‘‘डाव्या भिंगाच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी आहे,’’ फेना म्हणाली. ‘‘तिथली प्रतिमाच येत नाही.’’

‘‘मार्लूसला येते. मला येते. काल साफसफाईवाल्या बाईंना बसवलं, त्यांनाही आली. वर म्हणाल्या, एवढ्या सायकली तर मी रोज फुकटात चुकवते.’’

‘‘तू चेष्टा करू नकोस.’’

‘‘चेष्टा नाही करत गं. तीन टोपडी बदलून झाली. आता बदलायचं काय राहिलं, ते तूच सांग.’’

‘‘म्हणजे काय म्हणायचंय तुला?’’

‘‘मी कुठे काय म्हणतोय? मी पेचकसवाला माणूस. कपाळाच्या आतलं ते तुमचं खातं.’’

फेना उठून खिडकीशी गेली. इतकी वर्षं तिने विद्यार्थ्यांना एकच गोष्ट पढवली होती. दृष्टीला भोक पडलं, तर तिथे काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं कापड घेऊन ठिगळ लावतो, आणि ते इतकं बेमालूम असतं की माणसाला पत्ताच लागत नाही. हे जिने शिकवलं तिलाच आतून वाटत होतं, की दुसऱ्या कुणाला कळलं नाही तरी मला माझं ठिगळ दिसलंच असतं.

मार्लूस हळूच म्हणाली, ‘‘फेना, तुमची ओळ काढूनच टाकू या का? हार्मेनची आहे, माझी आहे. दोन पुरतात. तुम्ही बसलाच नव्हता असं समजू. कुणाला कळणारही नाही.’’

ते बोलणं मायेचं होतं, म्हणूनच फेनाला जास्त लागलं. ओळ काढली की सगळं जागच्या जागी राहणार होतं. तिचं घर शहरापासून अकरा किलोमीटरवर, राइटडीप नदीच्या बांधालगतच्या खेड्यात होतं. ती रोज सायकलने यायची आणि जायची, वारा समोरून असला तरी. तिकडे बस दिवसातून मोजक्याच, रविवारी तर नाहीच. डावीकडचं दिसत नसेल तर सायकल गेली, आणि सायकल गेली की आज ना उद्या घरही गेलं. हे तिला पहिल्या दिवशी आकडे पाहतानाच कळलं होतं. म्हणून तर तिच्या लेखी टोपडं बिघडलं होतं.

‘‘सोमवारी सांगते,’’ ती म्हणाली.

रविवारी दुपारी तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोठा कोरा कागद चिकटवला. मधोमध फुली मारली. टेबल भिंतीपासून हातभर अंतरावर ओढलं, त्यावर पाककृतींची पुस्तकं रचली आणि वर हनुवटी टेकवली. दोन्ही डोळे उघडे, नजर फुलीवर. उजव्या हातात लाल पेन्सिल घेऊन तिने ती उजवीकडून आत आणली. दिसली. वरून आणली, दिसली. डावीकडे वरच्या अंगाला नेली, तिथेही लाल टोक स्वच्छ दिसलं. मग पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि खाली सरकवली.

टोक गेलं. मग पेन्सिल गेली. मग बोटं, आणि पाठोपाठ मनगट.

तिथे काळं काहीच नव्हतं. तिथे कागद होता. पांढरा, सलग, थोडासा खरबरीतसुद्धा. आपला हात आपल्यासमोर आहे हे तिला खांद्यावरून कळत होतं, आणि डोळे सांगत होते की तिथे कोणीही नाही. तिने हात हलवला. कागद हलला नाही.

तिने ते काम नीट पुरं केलं. टोक जिथे जिथे नाहीसं झालं तिथे ठिपका दिला, असे सव्वीस ठिपके झाले. मग उठून, मान वळवून, ते जोडले. चीजच्या मोठ्या चाकाचा पाव भाग कापून न्यावा, तसा आकार निघाला. ओळ सरळ होती. हात जरासुद्धा डगमगला नव्हता, हे तिच्या सवयीने टिपलं, आणि मग ती खुर्चीवर बसून रडली. शेजारघरी रेडिओवर फुटबॉल चालू होता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मेंदूचं चित्र समोर धरलं. उजवीकडे मागच्या बाजूला, जिथून डावीकडचं दिसतं तिथे, एक छोटासा डाग होता: रक्त न पोचलेली जागा.

‘‘गेल्या हिवाळ्यातला असावा. तुम्हाला काहीच जाणवलं नाही?’’

‘‘डिसेंबरात एकदा डोकं दुखलं होतं. सर्दी वाटली.’’

‘‘सायकल चालवता?’’

‘‘चालवत होते,’’ फेना म्हणाली. हे वाक्य आपण इतक्या सहज बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

प्रयोगशाळेत तिने तो कागद टेबलावर पसरला. हार्मेनने ठिपक्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं.

‘‘मंगळवारी आणि शुक्रवारी मी तुला घरी सोडेन,’’ तो म्हणाला. ‘‘मी त्या बाजूला जातोच.’’

‘‘तीस वर्षांत तू त्या बाजूला एकदाही गेलेला नाहीस.’’

‘‘मग आता जाईन. बघण्यासारखं काही आहे का तिकडे?’’

‘‘मेंढ्या.’’

‘‘मेंढ्या मला आवडतात.’’

‘‘नको हार्मेन. पुढे बघू. आत्ता बसने जायला शिकते.’’

मार्लूसने लेख उघडला होता. ‘‘मग तुमची ओळ...’’

‘‘राहू दे. डावीकडची एकोणीस, सतरा, वीस, जशी आहे तशी. मीही त्यात बसले होते.’’

‘‘पण तुम्ही आता निरोगी दृष्टीच्या गटात येत नाही. वेगळी टीप द्यावी लागेल. काय लिहू?’’

फेनाने कागदाची घडी घातली. ‘‘लिही: फे. वि., वय चौसष्ट, दृष्टीचा डावीकडचा खालचा पाव भाग नाही. प्रयोगाच्या वेळी हे तिला माहीत नव्हतं.’’

‘‘शेवटचं वाक्य संपादक कापतील. असं लेखात लिहीत नाहीत.’’

‘‘कापलं तर परत लिही. आकडे कुणालाही मिळतील गं. माहीत नव्हतं, हेच त्यातलं खरं.’’

मार्लूसने लिहिलं. लिहिताना तिने एकदाही वर पाहिलं नाही, आणि फेनानेही ते मनावर घेतलं नाही.

पाच वाजता ती स्टेशनसमोरच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. ढगाळ, सपाट उजेड होता. ती वेळापत्रक वाचत असताना अगदी जवळून त्या भागातला नेहमीचा नमस्कार ऐकू आला.

‘‘मोइ! तिसऱ्यांदा म्हणतेय हो मी.’’

फेनाने पूर्ण मान वळवली. डाव्या हाताला एक ठेंगणी बाई उभी होती, पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. फेनाच्या खेड्यातलीच, चर्चमागच्या घरातली. नाव आठवेना.

‘‘मोइ,’’ फेना म्हणाली. ‘‘माफ करा, दिसला नाहीत.’’

‘‘हिवाळ्यापासून नाही दिसत मी तुम्हाला,’’ बाई म्हणाली. चिडून नाही, हवेबद्दल बोलावं तशी. ‘‘आमचे हे म्हणाले, प्रोफेसरीणबाई आहेत, डोक्यात काहीतरी चालू असेल.’’

फेनाला सांगायचं होतं. डोक्यात काय होतं ते सांगायला शब्दही तयार होते, गेला आठवडाभर ती तेच शब्द वापरत होती. पण बस आली, दार उघडलं, आणि ती बाई चढून पुढे ड्रायव्हरशी बोलत बसली.

फेना मागे गेली. दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. ती थोडी थांबली, आणि मग डावीकडची खिडकीची जागा घेतली. म्हणजे माणसं असतील ती उजवीकडे असतील, आणि नाहीशा झालेल्या बाजूला नुसती काच. काचेपलीकडे बांध होता, ओली कुरणं होती, त्यांना काही उत्तर द्यावं लागत नाही. शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने बसताना आपली पिशवी ठेवली होती. कुणी येऊन बसलंच तर, म्हणून तिने ती उचलली आणि मांडीवर घेतली.