सहा महिने माहेरी

मी एक जुना तांब्याचा टोप आहे. मित्रांनो, टोप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चुलीवरची आमटी आली असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. पण माझ्यात कधी काही शिजले नाही. मी पाणबुड्याने डोक्यावर चढवायचा टोप आहे. मला तीन गोल खिडक्या आहेत, एक समोर आणि दोन बाजूंना. मागच्या नळीतून हवा आत येते. गळ्याशी पितळेचे कडे आहे. ते रबरी पोशाखाला बोल्टने आवळले, की आतला माणूस आणि मी बरोबरच समुद्रात उतरतो. म्हणजे उतरत असू. आता माझी एक खिडकी फुटली आहे आणि आत कोंबडी अंडी घालते.

माझा जन्म कालिम्नोस बेटावर, लांब्रोस नावाच्या तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला फार निगुतीने ठोकून गोल केले आणि आतून कल्हई केली. त्याची बायको दारातून म्हणायची, "किती दिवस एकाच भांड्याला कुरवाळत बसणार आहेस?"

"भांडं गळलं तर भाजी सांडते," लांब्रोस मान वर न करता म्हणायचा. "हा गळला तर माणूस जातो."

पुढे समोरच्या तुर्की किनाऱ्यावरचे रिफात कप्तान मला विकत घेऊन गेले. समुद्राच्या तळावरून स्पंज काढणारी त्यांची होडी होती. कप्तान आणि त्यांची बायको मुनिरे हे मूळचे क्रीट बेटावरचे मुसलमान. ग्रीस आणि तुर्कस्तानच्या सरकारांनी माणसांची अदलाबदल केली, तेव्हा इकडच्या ख्रिस्त्यांना तिकडे पाठवले आणि तिकडच्या मुसलमानांना इकडे. या दोघांना तुर्की धड येतही नव्हते. घरात ते अजून ग्रीकच बोलत. सगळे गाव त्यांना 'अर्धे ग्रीक' म्हणून चिडवायचे, आणि क्रीटमध्ये त्यांना 'तुर्क' म्हणत असत.

मुनिरेकाकू क्रीटहून आणणाऱ्या बोटीवरून उतरल्या, त्यानंतर त्यांनी कधी होडीत पाय ठेवला नाही. धक्क्यावरही त्या जात नसत. घर सोडताना त्यांचे वडील कुलूप लावून म्हणाले होते, "ऑलिव्ह उतरवायच्या आत परत येऊ." ती किल्ली काकूंच्या पेटीत होती.

त्यांची एकुलती एक लेक सिदिका. मोसम चालू असला की रोज संध्याकाळी ती मला अंगणात घेऊन बसे आणि लिंबू व राख लावून घासत असे. खिडक्या पुसताना आत डोकावून म्हणे, "आज काय पाहिलंस रे बाबा?" मला बोलता आले असते तर मी तिला खूप सांगितले असते.

मोठी लढाई चालू होती त्या वर्षांत कालिम्नोसवर खायला काही उरले नाही. लोक होड्यांत बसून आमच्या किनाऱ्याला येऊ लागले. त्यांत थेमेलिस नावाचा एक तरुण पाणबुड्या होता. त्याच्या अंगावर फक्त हाडे होती, पण कप्तानांनी त्याची छाती बोटांनी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "फुप्फुसं शाबूत आहेत. बाकीचं आमची मुनिरे भरून काढील." काकूंनी त्याच्यापुढे मसुराच्या सूपचा वाडगा ठेवला. त्याने तो संपवला, तेव्हा काही न विचारता दुसरा ठेवला.

त्या दिवसापासून माझ्यात थेमेलिसचे डोके आले. मित्रांनो, समुद्राच्या तळाशी माणूस काय बोलतो हे फक्त त्याच्या टोपाला कळते. वर होडीत पंप फिरवणाऱ्यांना काही ऐकू जात नाही. कुणी शिव्या देतो, कुणी गातो. थेमेलिस आधी आपल्या संताचे नाव घेई आणि मग सिदिकाशी बोलत बसे. वर आल्यावर मात्र तिच्यासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

"तुझ्या बेटावर झाडं तरी आहेत का?" तिने एकदा मला घासता घासता त्याला विचारले.

"आहेत की. दोन."

"आणि बकऱ्या?"

"बकऱ्या पुष्कळ. म्हणून तर झाडं दोनच."

ती हसली, आणि तिच्या हातातली राख माझ्या खिडकीवर सांडली. काकूंनी आतून सिदिकाला हाक मारली. ती जरा जास्तच मोठ्याने मारलेली हाक होती.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी आम्ही नेहमीपेक्षा खोल गेलो. समोर वाळूत एक बाई होती. कमरेपर्यंत वाळूत रुतलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, काशाची मूर्ती. डोळे खाली झुकलेले. रडून झाल्यावर बायका ज्या तोंडाने कामाला लागतात, तसे तिचे तोंड होते. थेमेलिसचा श्वास माझ्या काचेवर धुक्यासारखा साचला. मग तो हळूच म्हणाला, "दिमित्रामाय."

ती त्याच्या लोकांची फार जुनी देवी. शेते पिकवणारी. आता तिला कुणी पूजत नाही, पण तिची कथा त्याच्या आजीला पाठ होती. स्पंज गोळा करायचे सोडून तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि एखाद्या घरी मागणी घालायला आल्यासारखा बोलू लागला. "बाई, मी खलाशाचा पोरगा. घर लहान आहे, पण गळत नाही. तुमच्या मुलीला मी उपाशी ठेवणार नाही." पुन्हा अडखळला, पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिले. वर दोरी ओढली गेली तेव्हा कुठे तो उठला. मला वाटते, त्याची तयारी त्या दिवशी झाली.

कप्तानांनी जाळे आणि दोर लावून ती मूर्ती वर काढली. किनाऱ्यावर गर्दी झाली. मुनिरेकाकू धक्क्यावर आल्या नाहीत, म्हणून गड्यांनी मूर्ती उचलून त्यांच्या अंगणात आणली. मी तिथेच भिंतीशी होतो. काकूंनी बराच वेळ त्या चेहऱ्याकडे पाहिले. मग विहिरीचे गोडे पाणी आणून तिचे तोंड धुतले.

"कोण ही?" त्यांनी विचारले.

थेमेलिसने कथा सांगितली. दिमित्राची लेक रानात फुले तोडत होती. पाताळाचा राजा तिच्यावर भाळला आणि तिला घेऊन गेला. आईने जगभर शोधले. ती इतकी दुःखी झाली की शेतांत दाणा उगवेना, माणसे उपाशी मरायला लागली. शेवटी बाकीचे देव मध्ये पडले.

"काय ठरवलं त्यांनी?"

"सहा महिने लेक सासरी, सहा महिने माहेरी. ती माहेरी आली की रानं हिरवी होतात." थेमेलिस काकूंकडे वळला. "आमचंही तसंच असतं, काकू. पाणबुडे उन्हाळाभर इकडच्या समुद्रात. हिवाळ्यात तेवढे घरी."

 कप्तान मिशीतल्या मिशीत हसले. "मुनिरे, याने गोष्ट सांगितली की मागणी घातली?"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी मूर्तीकडे बोट केले. "दर वर्षी ही बाई लेकीला परत पाठवते?"

"पाठवते."

"मग ती देवी आहे. मला नाही जमायचं."

त्या आत गेल्या. सिदिका मागोमाग गेली. घराची खिडकी उघडी होती, मला सगळे ऐकू येत होते.

"आई, तू बाबांबरोबर आलीस ना एवढ्या लांब?"

"मी आले नाही. मला आणलं. कुणी विचारलं नव्हतं."

"मला तर तो विचारतोय. आणि इथून दिसतं ते बेट. सकाळी हवा चांगली असली की घरंसुद्धा मोजता येतात."

"दिसतं म्हणून जवळ असतं असं नाही, पोरी."

असे कितीतरी दिवस चालले. धर्माचा प्रश्नही निघाला. शेजाऱ्यांनी कप्तानांना टोमणे मारले, दोन जणांनी सलाम करणे सोडले. कप्तान म्हणत, "मला एका जन्मात दोन्हीकडून हाकललंय. आता कुणाच्या बाजूने भांडू?" पण काकूंना धर्माची एवढी काळजी नव्हती. त्यांना 'परत येऊ' या शब्दांची भीती होती.

दरम्यान सरकारी माणसे आली आणि मूर्तीला खोक्यात घालून शहराच्या संग्रहालयात घेऊन गेली. खोक्यात भुसा भरताना काकू पाहत होत्या. म्हणाल्या, "हिला निदान भुसा तरी मिळाला. आम्हाला नुसतं कोंबलं होतं."

लढाई संपली, आणि त्या शरद ऋतूत काकूंनी स्वतःच थेमेलिसला बोलावले. "घेऊन जा तिला," त्या म्हणाल्या. "पण अंजिराला पालवी फुटली, की माझ्या दारात आणून सोडायचं. तुझ्या देवीची शपथ घे. संताची नको, तिची घे. तिला कळेल." थेमेलिसने शपथ घेतली.

निघायच्या दिवशी सगळे धक्क्यावर गेले. काकू गेल्या नाहीत. मोसम संपला होता, मला घासायचे काहीच कारण नव्हते, तरी त्या मला मांडीशी घेऊन लिंबाने घासत बसल्या. होडी सुटायची वेळ झाली तेव्हा सिदिका धावत परत आली. तिला धाप लागली होती.

"आई, येतेस ना?"

"कशाला? वसंतात येणारच आहेस ना?"

"येणार आहे. तरी चल."

"मग निरोप कसला घ्यायचा? जा, वारा पडेल."

सिदिका जरा थांबली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, बहुधा आईच्या हातावर ठेवायचा होता तो. मग ती गेली. माझ्या तांब्यावर तिची बोटे उमटली होती. काकूंनी लिंबाची फोड घेऊन ती पुसून टाकली आणि घासतच राहिल्या. होडीचा आवाज ऐकू येईनासा झाला, तेव्हा त्यांचे हात थांबले.

मित्रांनो, अंजिराला पालवी फुटली. सिदिका आली नाही, कारण ती बाळंत व्हायची होती. काकू रुसल्या. "सांगितलं होतं मी," एवढेच म्हणाल्या, आणि निरोप घेऊन आलेल्या होडीवाल्याकडे लेकीसाठी उलटा निरोपही दिला नाही. लढाईआधी इटलीकडे असलेले ते बेट पुढच्या वर्षी ग्रीस देशाला मिळाले. आधी होडीवाले वाटेल तेव्हा येत-जात. आता मधल्या पाण्यात पहाऱ्याच्या बोटी फिरू लागल्या. सिदिकाकडे ना या देशाचा धड कागद होता, ना त्या देशाचा. अंजीर दर वर्षी फुटत राहिले. सकाळी हवा चांगली असली की काकू गच्चीवर जाऊन बेटावरची घरे पाहत. त्यातले लेकीचे घर कोणते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

एकदा स्पंज मिळणाऱ्या उथळ पाण्यात रिफात कप्तानांना थेमेलिसची होडी भेटली. दोघांनी लांबूनच ओरडून दिवस ठरवला. घरी येऊन कप्तान म्हणाले, "मुनिरे, ती होडीत येणार आहे. पोरीला घेऊन. पण तुला पाण्यावर यावं लागेल."

काकूंनी रात्रीचे जेवण तसेच ठेवले. सकाळी त्या काळी शाल घेऊन दारात उभ्या होत्या.

त्या दिवशी मी होडीत होतो. कुणी हटकले तर पाणबुड्याचे काम चालले आहे असे दाखवायला मला पुढे ठेवले होते. काकू तळाशी बसल्या आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. लाट आली की डोळे मिटत. कप्तान म्हणाले, "टोपाला एवढं आवळू नकोस, तो कुठे पळत नाही." त्यांनी सोडले नाही. वाटेत त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळवत होत्या. ते मला ऐकू आले. "तेव्हा धक्क्यावर यायला हवं होतं. चुकलं माझं." परत परत तेच म्हणत होत्या, शब्द इकडचे तिकडे करून.

समोरून होडी आली. सिदिका उभी होती. अंगाने भरली होती, डोक्याला बेटावरच्या बायकांसारखा रुमाल. तिच्या कडेवर एक मुलगी. काकू उठल्या. हलत्या होडीत, काही न धरता, सरळ उभ्या राहिल्या.

तेवढ्यात थेमेलिसने मागे हात केला. पहाऱ्याची बोट भूशिराला वळसा घालून येत होती. दोन होड्या एकमेकींना लागलेल्या दिसल्या असत्या, तर चोरटा माल म्हणून दोन्ही जप्त झाल्या असत्या. थेमेलिसने होडी वळवायला घेतली. मधे दोन-तीन वल्ह्यांएवढे पाणी होते.

काकूंचे तोंड उघडे राहिले. मग त्या ओरडल्या, "जेवलीस का?"

"जेवले, आई. तू?"

"हो. जेवले."

काकू आदल्या रात्रीपासून उपाशी होत्या. सिदिकाने मुलीचा हात धरून हलवला. होडी लांब गेली. पहाऱ्याची बोट आमच्याजवळ आली, शिपायाने मला पाहिले, कप्तानांना सलाम केला आणि निघून गेला.

परतताना काकू म्हणाल्या, "दुसरंच बोलायचं होतं."

"पुढच्या वेळी बोल," कप्तान म्हणाले.

पुढची वेळ आली नाही. समुद्रावर कडक नजर बसली, आणि दुसऱ्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने मुनिरेकाकू गेल्या. सिदिकाला ते कळायलाही फार उशीर झाला, असे नंतर कप्तान कुणाला तरी सांगत होते.

पुढे हलके, नवे पोशाख आले आणि माझे काम संपले. आधी माझ्यात गळ ठेवत, मग काहीच ठेवीनात. कप्तानही गेले. घर दुसऱ्यांचे झाले. अंगणातली मुले मला खडे मारतात, टण् असा आवाज येतो म्हणून. त्यातच माझी खिडकी फुटली.

मित्रांनो, मला कुणी घासले नाही तरी चालेल. तांब्याला हिरवा रंग चढतो, त्याने काही दुखत नाही. एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातून कुणी लांब जायला निघाले, आणि लवकर परत येणार असले, तरी हातातले भांडे खाली ठेवा. उठा, आणि त्यांच्याबरोबर थोडे चालत जा.